दिवाळीत पेरा, व्हिडिओ बघून नको!

मागच्या अंकात लिथॉप्सचं, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या त्या छोट्या मांसल झाडाचं, बी घरी पेरण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि म्हटलं होतं काही अडलं तर विचारा. विचारलंत, आणि असं विचारलंत की टेबलावर जागा उरली नाही. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जे प्रश्न सारखे सारखे आलेत ते घेतलेत.

यूट्यूबवर बघून एप्रिलमध्ये लिथॉप्सचं बी पेरलं. ४० बियांतली ६ उगवली आणि जूनच्या शेवटी तीही आडवी झाली. माझ्या हातालाच गुण नाही का? — एक वाचक ताई, पुणे

ताई, हाताला काही झालेलं नाही, कॅलेंडर चुकलंय. व्हिडिओतली माणसं इंग्लंड-जर्मनीत बसून "स्प्रिंगमध्ये पेरा" म्हणतात, तिकडचा स्प्रिंग म्हणजे दिवसा ना फार ऊन ना फार थंडी आणि रात्री गारवा, आता आपल्याकडे असं हवामान कधी असतं सांगा? दसरा झाला की. लिथॉप्स मूळचं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचं, तिथे ऊन कितीही असलं तरी बी रुजतं ते ओल आणि गारवा एकत्र आला की, त्यामुळे एप्रिलच्या पुण्यात ते नुसतं बसून राहतं. जी ६ उगवली ती दोन महिन्यांत जेमतेम मोहरीएवढी झाली असणार, त्यावर जूनची दमट हवा, मग मर लागली, म्हणजे बुरशीने बूड कुजलं, आणि एका रात्रीत गेली. तेच बी दिवाळीच्या आसपास पेरलं असतं तर पावसाळ्याआधी त्याला सात महिने मिळाले असते.

आता रीत सांगते, लिहून घ्या. श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा डबा घ्या, तळाला तापवलेल्या सुईने आठ-दहा भोकं पाडा. मिश्रण म्हणजे एक भाग कोकोपीट आणि तीन भाग विटेचा चुरा, पर्लाइट किंवा नदीची जाड वाळू, जे मिळेल ते (समुद्राची वाळू नको, खारट असते). चुरा पिठाच्या चाळणीने चाळा, खाली पडतं ते फेकायचं, वर राहतं ते घ्यायचं, बरेच जण नेमकं उलटं करतात आणि मग डब्यात सिमेंट तयार होतं. हे मिश्रण ओलसर करून कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवा, म्हणजे त्यातली बुरशी आणि चिलटांची अंडी मरतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, मी न सांगता केलं होतं आणि तो कुकर आता कायमचा माझ्या झाडांचा झालाय.

बी खसखशीपेक्षाही बारीक असतं. पांढरा कागद मधोमध दुमडायचा, घडीत बी ठेवायचं आणि बोटाने टकटक करत पसरायचं, वर माती अजिबात घालायची नाही, त्याला उजेड लागतो. मग डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, पाणी खालून चढून वरचा थर गडद झाला की उचलायचा आणि झाकण लावायचं. वरून झारीने पाणी घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होईल. पाच-सहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत हिरवे ठिपके दिसायला लागतात, भिजवलेला साबुदाणा असतो ना, तो टाचणीच्या डोक्याएवढा आणि हिरवा केला तर कसा दिसेल तसे. दोन-तीन आठवड्यांनी झाकण थोडं कलतं ठेवायचं, मग रोज थोडं जास्त, एकदम उघडलं तर पिल्लं सुकतात.

आणि एक, झाकलेला डबा उन्हात ठेवायचा नाही. मी एकदा अॅस्ट्रोफायटम नावाच्या निवडुंगाच्या पिल्लांची झिपलॉकची पिशवी मार्चमध्ये गॅलरीच्या कठड्यावर विसरले, तासभरच ऊन होतं, पण परत येऊन बघते तर पोहे वाफवावेत तशी सगळी मऊ आणि पारदर्शक झालेली. खिडकीजवळचा लख्ख उजेड पुरतो.

ऑनलाइन "निळे आणि इंद्रधनुषी लिथॉप्स, १०० बिया" असं पाकीट मागवलं. उगवलं ते घोळीसारखं काहीतरी दिसतंय. — डोंबिवली

घोळच असेल, भाजी करा. निळा लिथॉप्स नसतो हो! राखाडी, तपकिरी, हिरवट, लालसर, पिवळट, एवढेच रंग, शेवटी बिचारा दगडाचं सोंग घेऊन बसलेला असतो, दगड कुठे निळे असतात. फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेला होता. पुढच्या वेळी बी घेताना जातीचं पूर्ण नाव विचारा, आणि मिळालं तर कोल नंबर. डेस्मंड कोल आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी वर्षानुवर्षं आफ्रिकेत हिंडून लिथॉप्सच्या एकेका जागेला नंबर दिलेत, 'सी' अक्षरापुढे आकडा असा, मन लावून बी करणारी माणसं तो नंबर पाकिटावर लिहितात. "मिक्स" लिहिलेलं पाकीट नवख्याने सरावाला घ्यायला हरकत नाही, पण मग त्यातून दुर्मिळ काही निघेल ही आशा ठेवू नका.

एका मित्राने लिथॉप्सचं वाळलेलं फळ दिलंय, सुपारीच्या खांडासारखं कडक आहे. फोडायचं कसं? — नाशिक

फोडू नका दादा, मजा जाईल. बशीत ठेवा, वर थेंबभर पाणी सोडा आणि डोळे न हलवता बघत राहा. थोड्याच वेळात त्याच्या पाकळ्या एकेक करून मागे उलगडतात आणि चांदणीसारखं तोंड उघडतं, आत कप्प्याकप्प्यांत बी. वाळलं की परत मिटतं. त्यांच्या गावी पाऊस पडला तरच फळ उघडतं आणि थेंबाच्या माऱ्याने बी बाहेर उडतं, म्हणजे ओल नसताना बी वाया जात नाही. तुम्ही अजून थोडं पाणी घालून बी बशीत धुवून काढा आणि टिश्यूवर वाळवा. हे बी कोरडं राहिलं तर काही वर्षं टिकतं, अगदी ताजं असेल तर उलट काही महिने थांबलेलं बरं.

रोपांच्या बुडाशी पांढरी लव दिसली, बुरशी समजून दोनदा औषध मारलं, तरी जात नाही. — छत्रपती संभाजीनगर

भिंग घेऊन बघा. लव रोपाच्या मानेभोवतीच, मखमलीसारखी आणि नीटनेटकी असेल तर ती मुळांची केसं आहेत, त्यावरच ते पाणी पितंय. बुरशी असेल तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी मातीवरून एका रोपाकडून दुसऱ्याकडे पसरत जाते आणि रोप पाणचट होतं. तसं दिसलं तर ते रोप आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून टाका, झाकण उघडा आणि मगच बुरशीनाशक, तेही डब्यावर लिहिलेल्या मात्रेत. औषध जास्त मारून मेलेली रोपं मी बुरशीने मेलेल्यांपेक्षा जास्त बघितलीत.

अडेनियमला (वाळवंटी गुलाब) शेंगा आल्यात! कधी काढू, कधी पेरू? — नागपूर

अभिनंदन काका. बैलाच्या शिंगांसारखी जोडी आली असेल ना? तिला आत्ताच दोरा गुंडाळा किंवा जुन्या मोज्याची पिशवी चढवा, कारण शेंग तडकली की एका दुपारी सगळं बी उडून जातं. बी म्हणजे बारीक काडी आणि दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुपके, वाऱ्यावर भोवऱ्यासारखं फिरत जातं, दिसायला फार सुंदर पण शेजारच्या गच्चीत जातं. शेंग हिरवी असताना तोडू नका.

लिथॉप्सला जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं इथे करायचं. अडेनियमचं बी ताजं ताजं पेरायचं, ठेवून दिलं की काही महिन्यांत रुजवा घसरतो, आणि त्याला ऊब हवी, तीस डिग्रीच्या आसपास असेल तर तीन ते सात दिवसांत मान वर काढतं. तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्च एकदम झकास, मे महिन्यात नको, नागपूरच्या मे महिन्यात माणूसच रुजत नाही. बी आडवं ठेवा, वर नखभर वाळू. फांदी लावून वाढवलेल्या झाडाला ते गुबगुबीत बूड येत नाही, बियांच्या रोपाला येतं, म्हणून हा सगळा खटाटोप. मात्र आईचं फूल डबल गुलाबी होतं म्हणून पोरांचंही तसंच येईल हे धरून चालू नका, तोच रंग हवा असेल तर कलम. आणि चीक हाताला लागला तर साबणाने धुवा, आफ्रिकेत तो बाणाच्या टोकाला विष म्हणून लावायचे. नातवंडं असतील तर जपून.

युफोर्बिया ओबेसा (चेंडूसारखं गोल, मांसल झाड) सहा वर्षांपासून आहे, दरवर्षी फुलतं, बी मात्र एकदाही नाही. — कोल्हापूर

पपईचं झाड लावलंय का कधी? तोच प्रकार, नर वेगळा मादी वेगळी. तुमच्याकडे एकच झाड आहे, ते बिचारं काय करणार. फुलांवर पिवळी पूड दिसली तर नर, मधोमध तीन फाट्यांचं टोक दिसलं तर मादी. जोडीदार शोधा, बारीक ब्रशने पूड इकडची तिकडे करा, आणि फळ धरलं की त्यावर चहाची जुनी गाळणी उपडी घाला, कारण एका फळात तीनच बिया आणि फळ टप्पकन फुटून त्या खोलीभर उडवतं. मला एक बी दोन आठवड्यांनी पुस्तकांच्या कपाटावर सापडलं होतं. याचा चीक डोळ्याला फार वाईट, चष्मा लावून काम करा.

या झाडाबद्दल जरा जास्त सांगावंसं वाटतं. हे दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रेट कारू नावाच्या कोरड्या भागातलं, तिथल्या एका छोट्या पट्ट्यातच उगवणारं. १९०३ मध्ये याला शास्त्रीय नाव मिळालं आणि पुढे हौशी लोकांनी जंगलातून इतकी उचलली की संपायची वेळ आली, मग कायदे करावे लागले. आज ते आपल्या खिडकीत दिसतं कारण लोकांनी असंच ब्रश आणि गाळणी घेऊन बी धरलं. आता तीच उचलेगिरी लिथॉप्सच्या नात्यातल्या कोनोफायटमच्या बाबतीत चाललीय, तिकडच्याच नामाक्वालँडच्या टेकड्यांवरून पोती भरभरून नेतात. तेव्हा कुणी सुरकुतलेलं, मुळाला मूळची माती असलेलं, वयस्कर कोनोफायटम स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, आणि तसंही ते आपल्या दमट हवेत जगणं कठीणच.

भाचा परदेशात असतो, त्याला पाकिटात बी टाकून पाठवायला सांगू का? — ठाणे

नको. २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आपल्याकडे बी आणायला आयात परवाना आणि तिकडचा फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचा, दाखला लागतो. त्यात अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियास किंवा एरिओकार्पस हे निवडुंग असतील तर ते साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत, तिथे बीसुद्धा मोकळं नाही. भाच्याला चॉकलेट आणायला सांगा. इथल्याच हौशी लोकांकडे घरी धरलेलं बी मिळतं आणि ते ताजंही असतं.

शिवनेरीच्या कड्यावर शिवसुमन बघितलं, मरून चांदणीसारखं फूल. खालच्या फांदीचा तुकडा आणावा का, की बी शोधू? — जुन्नर

दोन्ही नको दादा, आणि तुम्ही विचारलंत म्हणून आधी तुमचे आभार, बहुतेक जण विचारत नाहीत, आणतात. हे फक्त आपल्या सह्याद्रीत मोजक्या कड्यांवर उरलेलं झाड आहे, त्याला तिकडे शिंदळ माकुडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात डाल्झेलने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून त्याला फ्रेरिया इंडिका म्हटलं. पावसात हिरवी पानं, उन्हाळ्यात पानं गळून नुसती मांसल काडी, त्याच्या नात्यातल्या बाकीच्या काड्यांना अशी खरी पानं नसतात.

शेंगा फार कमी धरतात, धरल्या तर त्यातलं बी तिथेच कड्याच्या भेगेत पडू द्या, ते त्याचंच आहे. घरी हवंच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेल्या झाडाची फांदी मागा, ती सहज लागते, मात्र "कुठून आणलं?" हे विचारा आणि उत्तर देताना समोरचा चाचरला तर निघून या. आणि कंदीलपुष्पांचा, म्हणजे खरतुडीच्या नात्यातल्या झाडांचा नाद असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बागेत जाऊन या, तिथे दुर्मिळ जाती जपल्यात.

वय ७१. आता बी पेरून फूल बघायला मिळेल का? खरं सांगा. — सांगली

आजोबा, अडेनियम पेरा, वर्ष-दीड वर्षात फूल. लिथॉप्सला तीन ते पाच वर्षं लागतात, तेही पेरा, आणि दोन वेगवेगळ्या बियांची रोपं ठेवा कारण एकट्याला बी धरत नाही. एरिओकार्पसला मात्र आठ-दहा वर्षं, त्याला ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम केलं तर बरंच लवकर फुलतं, कलमाचं ब्लेड स्पिरिटने पुसून घ्यायचं तेवढं विसरू नका. कोजागरीनंतर लिथॉप्सचा डबा भरा, झाकणावर पेरल्याची तारीख पेन्सिलने लिहा, पेनाची शाई वाफेने पुसली जाते.