रानातील माकडे अन्नासाठी खरोखर दगड वापरतात का?
सातपुड्यातील वानरेही दगडाने फळे फोडत असतील का, असे आपण विचारले आहे. ब्राझीलमधील कपुचिन माकडे हे काम सराईतपणे करतात. जेमतेम ३-४ किलो वजनाचे हे माकड ताडवर्गातील कठीण फळ खडकाच्या खळग्यात बसवते, ते डळमळत नाही ना हे फिरवून पाहते आणि मागच्या पायांवर उभे राहून किलोभराचा दगड दोन्ही हातांनी त्यावर आदळते. तेथील सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानात उत्खननात माकडांनी वापरलेले सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे दगड सापडले आहेत. ही माकडे काजूही फोडतात, आणि काजूच्या टरफलातील तेल कातडी भाजणारे असते; बिब्बा उतलेल्या खान्देशी माणसाला ते वेगळे सांगायला नको, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. थायलंडच्या किनाऱ्यावरील लांब शेपटीची माकडे दगडाने कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडतात. यावल किंवा पाटणादेवीच्या रानातील वानरे मात्र मुख्यतः पाने, कोंब, फुले आणि फळे खातात, त्यामुळे हरभऱ्याचे घाटे ओरबाडणाऱ्या वानराच्या हाती दगड दिसत नाही तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर त्याची गरजच फारशी पडत नाही म्हणून, असे मला वाटते.