पहाटे तीनची काळजी: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये झोप आणि काळजी एकत्रच आलेल्या आहेत. काळजीमुळे झोप उडते हे सगळ्यांना माहीत असतं. झोपेच्या सवयी बिघडल्या की काळजी वाढते, हे मात्र फारसं कुणी लक्षात घेत नाही. म्हणून उत्तरांत त्यावर जरा जास्त भर दिला आहे.

प्रश्न : मी ४४ वर्षांची शिक्षिका आहे. साडेदहाला आडवी झाले की लगेच झोप लागते, पण पहाटे तीनला हमखास जाग येते. मग मुलाची अ‍ॅडमिशन, सासूबाईंचं दुखणं, घराचा हप्ता, सगळं एकदम डोक्यात सुरू होतं. दिवसा याच गोष्टींचं इतकं काही वाटत नाही. मला चिंतेचा आजार झालाय का? (सांगली)

जाग येणं हा आजार नाही. झोपेची साधारण दीड तासाची आवर्तनं असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी आपण जागेपणाच्या जवळ येतो. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागातच उरकलेला असतो. त्यामुळे तीनच्या सुमाराला झोप मुळातच हलकी असते. शिवाय उत्तररात्री शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक वाढू लागतं, कारण शरीर सकाळच्या तयारीला लागलेलं असतं. अशा वेळी जाग आली की मेंदूतला सावधपणा जागा असतो, पण तारतम्य अजून झोपेत असतं. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. तरुण मंडळींना सुमारे ३५ तास जागं ठेवून मग त्रासदायक चित्रं दाखवली. भीतीशी संबंधित अमिग्डाला हा मेंदूचा भाग झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात सुमारे ६० टक्के जास्त चेतवला गेला आणि त्याला आवरणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला त्याचा संपर्कही सैल पडला. तुमची झोप काही एवढी बुडत नाही, पण दिशा तीच. हप्ता तोच असतो, तीन वाजता तो फक्त डोंगराएवढा दिसतो.

आता करायचं काय? घड्याळ बघायचं नाही. मोबाइलवर तर नाहीच. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर सरळ उठा, बाहेरच्या खोलीत मंद उजेडात बसा आणि काहीतरी निरस करा. जुना दिवाळी अंक चालेल, वह्या तपासणं नको. डोळे मिटायला लागले की परत या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत निद्रानाशाच्या उपचारात आजही पक्की टिकून आहे. त्यामागचा विचार साधा आहे. अंथरुणात पडून रोज काळजी केली की शरीराला अंथरूण म्हणजे काळजीची जागा, अशी सवय लागते. पहिले आठ-दहा दिवस हे जड जाईल, सकाळी डोळे चुरचुरतील. तरी उठायची वेळ बदलू नका, रविवारीही नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला पाच-दहा मिनिटं वही घेऊन बसा आणि उद्याची कामं लिहून काढा. ‘मुलाचं टेन्शन’ असं मोघम नको. ‘बुधवारी कॉलेजात फोन करणे’ असं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासात झोपण्याआधी उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. नऊ मिनिटं म्हणजे चमत्कार नव्हे, पण फुकट आहेत.

तुमच्या वयात आणखी एक गोष्ट बघायला हवी. जाग येताना घाम, अंगातून वाफा असं काही होतं का? पाळी अनियमित झाली आहे का? तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या. आणि काळजी दिवसाही बहुतेक दिवस, सहाएक महिने पाठ सोडत नसेल, त्यामुळे कामात लक्ष लागत नसेल, तर मात्र चिंतेच्या आजारासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : पुण्यात राहून एमपीएससी करतोय. अभ्यासिकेत रात्री एकपर्यंत बसतो, चहा चार-पाच वेळा होतो. रूमवर आल्यावर छातीत धडधडतं, परीक्षेची भीती वाटते. तीनला झोप लागते. रविवारी बारापर्यंत झोपून भरून काढतो. झोप अजून कमी करून अभ्यास वाढवावा का? (वय २५)

अजिबात नाही. वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. झोप कापून वाचलेलं पान सकाळी पुन्हा वाचावं लागतं, हा अनुभव तुझा असेलच.

आधी चहाचं बघू. थकवा जाणवून देणारं अ‍ॅडेनोसिन दिवसभर मेंदूत साचत जातं. कॅफिन ते काढून टाकत नाही, फक्त त्याची खबर मेंदूला लागू देत नाही. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे दहाच्या चहाचा अर्धा भाग तीनला अजून अंगात असतो. शिवाय कॅफिनने छातीत धडधडतं, हातही थरथरू शकतात. भीती वाटते तेव्हा शरीराचं अगदी असंच होतं. मेंदू या धडधडीचं कारण शोधायला जातो आणि त्याला परीक्षा सापडते. दुपारी तीननंतर चहा बंद करून दोन आठवडे बघ. एकदम तोडलास तर डोकं दुखेल, म्हणून रोज एक कप कमी कर. तरीही धडधड राहिली तर डॉक्टरांकडून ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे.

रविवारची बारापर्यंतची झोप मला जास्त खटकते. त्या एका दिवसात शरीराचं घड्याळ मागे सरकतं आणि सोमवारी तू परदेशातून उतरल्यासारखा फिरतोस. उठायची वेळ सातही दिवस एकच ठेव, समजा साडेसात. उठल्यावर अर्धा तास उजेडात चाल. पेपर दिवसा असतो, रात्री एकला नाही. तेव्हा मेंदूला दिवसाची सवय आतापासून लागू दे.

प्रश्न : स्मार्ट वॉच रोज सांगतं की माझी ‘डीप स्लीप’ कमी आहे. बघितलं की दिवसभर अस्वस्थ वाटतं. (आयटी, ठाणे)

घड्याळ काढून ठेवा. झोपेचे टप्पे खात्रीने कळायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. अशा आकड्यांच्या ध्यासातून येणाऱ्या त्रासाला अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं. दिवसा पेंग येत नसेल, काम नीट होत असेल, तर तुमची झोप ठीक आहे.

प्रश्न : मिस्टरांना दोन पेग घेतल्याशिवाय झोप येत नाही. घोरणं तर शेजारच्या खोलीत ऐकू येतं, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो. सकाळी डोकं जड आणि दिवसभर चिडचिड. कामाचं टेन्शन म्हणतात. (कोल्हापूर)

ताई, श्वास थांबतो हे तुम्ही पाहिलंत, ते महत्त्वाचं आहे. ही स्लीप अ‍ॅप्निया असू शकते. झोपेत घसा बंद पडतो, शरीरातला ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि हे रात्रभर चालतं. त्यांना त्यातलं काही आठवणार नाही. दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात. डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्रीची झोप तुटत राहते. छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या, ते झोपेची तपासणी सांगतील. झोपताना तोंडावर मोबाइल धरून घोरण्याचा व्हिडिओ काढा. पुरुषमाणसं ‘मी घोरत नाही’ यावर फार ठाम असतात. रक्तदाबही बघून घ्या. रोजची दारू असेल तर ती डॉक्टरांना सांगून, त्यांच्या सल्ल्यानेच कमी करायची.

प्रश्न : वय ६८. पत्नी गेल्यावर डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.२५ ही झोपेची गोळी लिहून दिली, तीन वर्षं तीच चालू आहे. नऊला झोपतो, साडेतीनला जाग, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडतो. मुलगा म्हणतो सवय लागली, आजपासून बंद करा. (नाशिक)

काका, आजपासून बंद करू नका. इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर झोप पार उडते, बेचैनी आणि थरथर वाढते, क्वचित फिटही येते. मुलाचा हेतू योग्य आहे. या वयात या गोळीने तोल जाऊन पडण्याचा धोका असतो, विसराळूपणाही वाढू शकतो. पण ती टप्प्याटप्प्याने, काही आठवडे ते महिने घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची असते. जुन्याच चिठ्ठीवर औषध आणत असाल, तर गोळी न थांबवता आधी डॉक्टरांना भेटा.

आता हिशेब बघा. नऊ ते साडेतीन म्हणजे साडेसहा तास झाले. तुमची रात्र जवळजवळ पुरी झालेली असते, फक्त ती फार लवकर सुरू होते. अंथरुणात साडेदहाच्या आधी जाऊ नका आणि पाचला उठाच. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या वर नको. संध्याकाळी उजेड असताना बाहेर पडा, म्हणजे शरीराची रात्र थोडी पुढे सरकेल.

साडेआठ-नऊला घर रिकामं वाटतं म्हणून लवकर आडवं व्हावंसं वाटत असेल, तर तो झोपेचा प्रश्न नाही. त्या वेळेसाठी कुणाचा तरी फोन ठरवून ठेवा, भजनी मंडळ असेल तर जा. मन फार खचलंय, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं होत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पहाटे साडेतीनलासुद्धा.