रंगाचा डबा शेवटी उघडा

प्रश्न : मामांचं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप बंद झालं, तेव्हा त्यांचा साडेचार फुटी, कोन पुलीचा (पायऱ्यापायऱ्यांच्या चाकावर पट्टा सरकवून वेग बदलायचा) जुना लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, मी घरी आणलं. ११ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. बेडवर (खालच्या लांब पाट्यावर) गंज आहे, काम धरणारा चक निघत नाही, मोटर थ्री फेजची आहे. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, सगळा खोला, बेड ग्राइंडिंगला पाठवा, रंग मारा, नवा करा. खर्चाचा आकडा ऐकून धडकी भरली. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोत हेडस्टॉकवर (चकाच्या मागच्या डोक्यावर) खंडेनवमीच्या हळदीकुंकवाचे थर दिसतात. ते तेवढे राहू द्या. बाकीचं बोलू.

सगळा खोलू तर अजिबात नका. मी माझा पहिला लेथ असाच उत्साहात दोन दिवसांत सुटा केला होता. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं, याला नेमकं दुखतंय कुठे हे जोडलेला असताना आपण पाहिलंच नाही. मग सहा महिने लेथ बिस्किटांच्या डब्यांत आणि घरचे लोक माझ्या तोंडाकडे बघतायत.

आधी मळी काढा. डिझेल, जुना ब्रश, चिंध्या, बस्स. बेडच्या गंजावर एमरी पेपर नको आणि वायरब्रश लावलेला ग्राइंडर तर नकोच. एमरीचा कण बीडात, म्हणजे बेडच्या ओतीव लोखंडात, रुतून बसतो आणि पुढे कित्येक वर्षं सॅडलखाली (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) घासत राहतो. सपाट ऑइलस्टोन घ्या, डिझेलमध्ये भिजवा, हात हलका ठेवा. वर आलेला गंज निघेल, बारीक खड्डे राहतील. राहू देत, तेल धरून ठेवतात. खड्डा म्हणजे झीज नव्हे, इथेच पुष्कळांची गल्लत होते.

झीज बघायची ती अशी. सॅडल चकाजवळ आणा आणि हँडव्हील जरा जड लागेपर्यंत सॅडलच्या पट्ट्या (त्याला बेडशी धरून ठेवणाऱ्या) आवळा. आता सॅडल हळूहळू टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे, न्या. जुन्या लेथवर तो वाटेत कुठेतरी अडतोच, कारण बेड चकाजवळ झिजलेला असतो आणि टेलस्टॉककडे जवळजवळ कोरा. मामांनी पंपांचे शाफ्ट आणि बुश केले असणार, म्हणजे सगळं आयुष्य चकापासून हातभर अंतरात गेलं. सॅडल जड होत का होईना, पण शेवटपर्यंत गेला तर ग्राइंडिंगचं नाव काढू नका. निम्म्यातच गच्च बसला तर मला पुन्हा लिहा.

एवढा नकार का? बेड घासला की सॅडल खाली उतरतो. सॅडलबरोबर त्याची पुढची पेटी, म्हणजे ॲप्रन, आणि ॲप्रनबरोबर लीड स्क्रूला पकडणारा हाफ नट. सॅडल ओढणारा लांब लीड स्क्रू आणि हँडव्हीलची दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, मात्र जिथल्या तिथे. या सगळ्यांना पुन्हा एका रेषेत आणणं हे खरं काम, आणि ग्राइंडिंगवाल्याच्या बिलात ते नसतं. शिवाय सपाट बेडची झीज बहुतेक खालच्या दिशेने असते आणि तिचा कामावर फारसा परिणाम होत नाही. ५० मिमी व्यासाच्या कामावर टूल सेंटरपासून ०.१ मिमी खाली गेलं, तर त्रिज्येत फरक पडतो ०.०००२ मिमी. तुमचा मायक्रोमीटर तो दाखवणारही नाही. सॅडल आडवा हलत असेल तर मात्र तो जेवढा हलेल त्याच्या दुप्पट फरक व्यासात दिसतो. म्हणून आडव्या पट्ट्यांकडे आधी लक्ष द्या.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. चकाच्या मागे, स्पिंडलच्या तोंडावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) लावा आणि चकाखाली लाकडी दांडा घालून उचला. काटा मिलिमीटरचे दोन-तीन शतांश हलला तर आनंदाने चालवा. दशांशाच्या घरात गेला तर गन मेटलच्या बुशचं (स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळीचं) काम निघालं. त्याआधी बुशवरची तेलाची भोकं तारेने साफ करा. नव्वद टक्के वेळा कुणीतरी त्यात ग्रीस कोंबलेलं सापडतं. तिथे तेलच हवं.

चकाचं मात्र सावकाश घ्या. बॅक गियर (वेग कमी करणारे गियर) टाकून स्पिंडल अडकवायचा आणि चकाला झटका द्यायचा, ही युक्ती तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. मी ऐकली होती. ‘टक्’ असा बारीकसा आवाज आला आणि बीडाच्या गियरचे तीन दात माझ्या चपलेजवळ पडले. तुम्ही चकाच्या मागे दोन दिवस गंज सोडवणारं तेल सोडत राहा. मग बेडवर फळी टाका, चक पडला तर तिच्यावर पडेल. बेडच्या मागच्या बाजूला लाकडी ठोकळा उभा करा, त्यावर चकाचा जॉ (काम पकडणारा जबडा) टेकवा आणि बेल्ट हाताने ओढून स्पिंडल उलटा फिरवा. वीज बंद ठेवून, हातानेच.

मोटरीसाठी नवा खर्च कदाचित नकोच. टर्मिनल बॉक्स उघडून बघा. सहा टोकं बाहेर असतील आणि प्लेटवर २४०/४१५ लिहिलं असेल, तर वायरमनकडून आतली स्टार जोडणी बदलून डेल्टा करून घ्या, म्हणजे मोटर कमी व्होल्टवर चालेल. घरच्या सिंगल फेजवर चालणारा आणि २३० व्होल्टची थ्री फेज देणारा ड्राइव्ह लावला की झालं. तीनच टोकं असतील तर रिवाइंडिंगवाल्याला विचारा.

लेथ फरशीवर बसवल्यावर एक चाचणी कराच. जाडसर बार चकात धरा, वीतभर बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. मधला भाग बारीक करा, म्हणजे दोन टोकांना दोन कडी उरतील. क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर करणाऱ्या भागाला) हात न लावता दोन्हींवर केसाएवढा कट घ्या आणि मोजा. व्यास वेगळे आले तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ पत्रा सरकवा, बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या. फरक वाढला तर तोच पत्रा दुसऱ्या पायाखाली. माझा अर्धा रविवार यात जातो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

याच वाचकांचा दुसरा प्रश्न : लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा आहे. त्यावर एम १० चे (१० मिमी मेट्रिक बोल्टचे) आटे पडतील का?

उत्तर : पडतील. त्यासाठी १२७ दातांचा गियर लागतो, कारण २५.४ ला ५ ने गुणलं की पूर्णांक १२७ येतो. तुमचा लीड स्क्रू एका फेऱ्यात सॅडल ६.३५ मिमी सरकवतो आणि एम १० ला हवेत १.५ मिमी, म्हणजे प्रमाण ३० ला १२७. एवढा मोठा गियर बसत नसेल तर १५ ला ६३ घ्या. पाऊण-एक टक्का चूक येते, साध्या नटाला चालून जाते. फक्त आटे पुरे होईपर्यंत हाफ नट उघडू नका. प्रत्येक कटानंतर टूल मागे घ्या आणि स्पिंडल उलटा फिरवून सॅडल परत आणा. हे मात्र अगदी मंद गतीने करा, कारण आज जो चक निघत नाही म्हणता, तो तेव्हा आपसूक सुटून अंगावर येईल.