बगीत मारुती ८००चं इंजिन टाकायचंय? मग नुसतं इंजिन घेऊ नका

प्रश्न : नमस्कार दादा. मी आणि माझ्या भावाने मिळून घरीच बगी बनवलीय, पाइपची फ्रेम, दोन सीट, मागे पल्सर १५०चं इंजिन आणि चेन ड्राइव्ह. शेतात आणि नदीच्या वाळूत चालवतो. सपाटीला मस्त पळते पण चढ आला की दम तोडते, क्लच प्लेटा दीड-दोन महिन्यात जळतात, इंजिन एवढं तापतं की सीटच्या मागून चटका लागतो, आणि रिव्हर्स नाही म्हणून अडकलो की उतरून ढकलायची. एक मेस्त्री म्हणतो पल्सर २२०चं इंजिन टाका, दुसरा म्हणतो मारुती ८००चं टाका. गावातच एक जुनी ८०० मिळतेय, चालू आहे पण बॉडी सडलीय. काय करू? बगीचं वजन आत्ता साधारण ३५० किलो आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी तुमचं इंजिन का दमतंय ते बघू, कारण ते कळलं की २२०चा विषय आपोआप संपतो. पल्सर १५० ही साधारण १४५ किलोची बाइक, दोन माणसं बसली तरी ३०० किलोच्या आत. तुमची बगी रिकामीच ३५०, दोघं बसलात की ५०० च्या आसपास, आणि ते सगळं वाळूत. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ओढ, १३ न्यूटन मीटरच्या जवळपास, त्यामुळे चढावर तुम्ही क्लच अर्धा दाबून आरपीएम वर ठेवता आणि प्लेटा तिथेच जळतात, दोष प्लेटांचा नाहीये. शिवाय हे इंजिन वाऱ्यावर थंड होणारं. बाइकवर ते पुढच्या चाकामागे उघड्यावर असतं, तुमच्या बगीत सीटच्या पाठीमागे लपलंय, वारा लागणार कुठून? २२० मध्ये टॉर्क १९ च्या घरात, म्हणजे फरक पडेल पण थोडाच, आणि रिव्हर्स त्यातही नाही. पैसे खर्च करून सहा महिन्यांनी पुन्हा इथेच याल.

मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं, पॉवर ३७ ते ३९ हॉर्सपॉवर आणि टॉर्क ५९ न्यूटन मीटर, तोही २५०० आरपीएमच्या आसपास, म्हणजे खालीच. ऑफरोडला हेच लागतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की ही गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे, इंजिन आडवं, त्याला चिकटून गिअरबॉक्स, गिअरबॉक्सच्या पोटातच डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअरचा संच, दोन्ही बाजूंनी दोन ॲक्सल बाहेर. हा अख्खा गठ्ठा उचलून बगीच्या मागे ठेवला की रिव्हर्स मिळाला, डिफरन्शियल मिळालं, चेनचा त्रास गेला. ओम्नीतलं इंजिनही ७९६चंच, पण ते पुढच्या सीटखाली लांबीत बसतं आणि लांब प्रोपेलर शाफ्टने मागचा ॲक्सल फिरवतं, त्यामुळे तुमच्यासारख्या मागे इंजिन असलेल्या बगीला ओम्नीचं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

आता माझं मुख्य सांगणं. इंजिन विकत घेऊ नका, ती अख्खी गाडी घ्या. भंगारातून इंजिन एकीकडून, गिअरबॉक्स दुसरीकडून, ॲक्सल तिसरीकडून असं गोळा करणारे मी खूप पाहिलेत आणि त्यातले बरेच प्रोजेक्ट आजही पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहेत, कारण एक ब्रॅकेट, एक होज, एक वायर कुठेतरी कमी पडते आणि मग तिच्यासाठी चार फेऱ्या होतात. चालू गाडी घेतली की उघडायच्या आधी चालवून बघता येते. पाच किलोमीटर चालवा, चारही गिअर आणि रिव्हर्स पडतात का बघा, गरम झाल्यावर धूर निळा येतो का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ॲक्सलमधून कट-कट आवाज येतो का. प्रत्येक वायरचा, पाइपचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच स्पॅनर लावा. इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, मागचं ऑइल सील आणि माउंटिंगचे रबर नवीन टाकून घ्या, बगीत बसल्यावर तिथे हात जाणार नाही.

बसवताना पहिली चूक जी होते ती दिशेची. ८०० मध्ये गिअरचा रॉड गिअरबॉक्सकडून मागे, ड्रायव्हरकडे येतो. इंजिन बगीच्या मागे गेलं की तो रॉड ड्रायव्हरच्या उलट बाजूला, मागे तोंड करून राहतो. मग कोणीतरी म्हणतं की सोपं आहे, अख्खं इंजिन फिरवून ठेवू, रॉड आपोआप आपल्याकडे येईल. माझ्या ओळखीतल्या एका पोराने खरंच तसं केलं, सगळं वेल्डिंग झाल्यावर पहिला गिअर टाकला तर बगी मागे गेली. चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड! सगळी माउंटिंग कापावी लागली. गाडीत जसं तोंड होतं तसंच ठेवा, आणि गिअरसाठी रॉड वळसा घालून पुढे आणा नाहीतर केबलवर चालणारं शिफ्टर बनवून घ्या. कराडहून कोल्हापूर लांब नाही, उद्यमनगरात लेथवाल्याला नमुना दाखवलात तर बेल क्रँक (रॉडची दिशा वळवणारा कोनी लिव्हर) आणि ब्रॅकेट नीट करून देतील.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे म्हणून सावकाश वाचा. ८००ची पुढची नकल (स्टिअरिंग नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) तुम्ही आता मागे लावताय, आणि ती नकल वळण्यासाठीच बनलेली आहे. तिच्या स्टिअरिंग आर्मला ढकलणारा स्टिअरिंगचा रॅक आता नाही, म्हणून तिथे एक टाय रॉड (जोडदांडी) लावून दुसरं टोक फ्रेमला पक्कं करायचं. पण कुठे पक्कं करायचं हे महत्त्वाचं. मूळ गाडीत रॅकचं टोक जिथे होतं, खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टाच्या हिशेबाने, तिथेच, आणि टाय रॉडची लांबीही मूळची तेवढीच. असं केलं की चाक वर-खाली होताना आर्म आणि टाय रॉड एकाच गोलाईत फिरतात. जागा चुकली तर प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक स्वतःहून वळतं, आणि मागून वळणारी गाडी ५० च्या स्पीडला हातात राहत नाही. माझ्या पहिल्या बगीत मी हे टोक सोयीच्या पाइपला लावलं होतं, एका उतारावर ती सरळ आडवी झाली. रोल केज, म्हणजे उलटली तरी वाचवणारा पाइपचा पिंजरा, होता आणि बेल्ट लावलेला होता म्हणून आज हे लिहितोय. आणखी एक, ८००चा खालचा आर्म एकेरी आहे, त्याला मागे-पुढे धरून ठेवायचं काम अँटी रोल बार (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी स्प्रिंगची दांडी) करतो, तेव्हा बार काढून टाकला तर आर्म त्रिकोणी बनवावा लागेल.

दोन चाकांमधलं अंतर ८००चं होतं तेवढंच ठेवा म्हणजे ॲक्सल न कापता बसतील. ॲक्सल कापून, मध्ये तुकडा वेल्ड करून लांब करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, ते कडक केलेलं स्टील असतं आणि वेल्डच्या शेजारीच तुटतं. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे, असतात. बाहेरचा भरपूर वाकतो पण आतला तेवढा वाकत नाही, म्हणून सस्पेन्शन जास्तीत जास्त किती खाली लोंबेल ते एका मजबूत पट्ट्याने बांधून टाका, नाहीतर उडी मारली की जॉइंट बाहेर येईल. जॉइंटवरचा रबरी बूट फाटला तर त्याच दिवशी बदला, आत वाळू गेली की जॉइंट गेलाच.

टायर. ८००चा १४५/७० आर१२ टायर जवळपास ५०८ मिलिमीटर उंच असतो. तुम्ही २४ इंची टाकलात तर ते ६१० होतात, म्हणजे सगळे गिअर २० टक्के लांब झाले, वाळूत पहिला गिअर पुन्हा कमी पडायला लागेल. २२ इंचाच्या वर जाऊ नका असं मला वाटतं.

ब्रेकचं बोलू, कारण हे कोणी विचारतच नाही. ८००च्या पुढच्या नकलवर डिस्क आहेत आणि त्या आता तुमच्या मागच्या चाकांना आल्या. पुढे तुमच्याकडे काय आहे हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण बाइकचे किंवा रिक्षाचे ड्रम असतील तर मागची चाकं आधी लॉक होतील आणि बगी गोल फिरेल. आणखी एक जोडी नकल आणि डिस्क भंगारातून घ्या आणि पुढेही लावा. आणि फ्रेम! पल्सरच्या वजनाला चालणारी फ्रेम या इंजिन-गिअरबॉक्सच्या वजनाला चालेलच असं नाही. पाण्याचा जीआय पाइप वापरला असेल तर केज नवीन बनवा, सीमलेस (बिनजोड) ट्यूबचा. जीआय पाइप तसाच वेल्ड केला की जस्ताचा धूर निघतो, त्याने ताप भरतो, वेल्डरलाही सांभाळा.

डिफरन्शियलची एक गोष्ट तुम्हाला नवीन वाटेल. चेनवर तुमची दोन्ही चाकं एकत्र फिरत होती, आता एक चाक हवेत गेलं की तेच फिरत बसेल. यावर उपाय शेतकऱ्याच्या घरातच आहे, ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो ना, तसेच मागच्या दोन चाकांना दोन हँड लिव्हर लावा. जे चाक फुकट फिरतंय त्याला हलका ब्रेक द्या, ताकद दुसऱ्याला जाते. वळणही जागेवर बसतं.

रेडिएटर सीटच्या मागे, केजच्या वरच्या भागात, मोठ्या इलेक्ट्रिक फॅनसकट लावा, चिखलापासून लांब. भरायचं झाकण सगळ्या पाइपांपेक्षा वर पाहिजे, नाहीतर आत हवा अडकून राहते आणि काटा नॉर्मल दाखवत असताना हेड गॅस्केट जातं. इंजिन आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची पूर्ण भिंत हवीच.

प्रश्न : माझ्याकडे ८००ची दोन इंजिनं बघून ठेवलीयत, एक जुनं कार्बोरेटरचं आणि एक एमपीएफआय. बगीसाठी कुठलं चांगलं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पहिलीच बगी असेल तर कार्बोरेटर. पेट्रोल, स्पार्क आणि एक थ्रॉटल केबल, बिघडलं तर रानात बसून दुरुस्त होतं. त्याचा तोटा असा की तीव्र चढावर किंवा गाडी एका बाजूला कलली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल सरकतं आणि इंजिन गुदमरतं, तुमच्या कोकणातल्या चढांना हे नक्की जाणवेल. एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, त्याला कलण्याचा त्रास नाही, सकाळी थंडीत एका सेल्फमध्ये चालू, पण मग ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), सगळे सेन्सर, पूर्ण वायरिंग, प्रेशरचा पेट्रोल पंप आणि इमोबिलायझर (चोरीपासून वाचवणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असेल तर त्याची किल्ली, हे सगळं त्याच एका गाडीतलं पाहिजे. नुसतं इंजिन दाखवून "वायरिंग मिळेल कुठेतरी" म्हणत असतील तर सोडून द्या. आणि कुठलंही घेतलंत तरी ईसीयू किंवा इग्निशन कॉइल सीटच्या उंचीच्या वर लावा, पऱ्ह्यातून जाताना पहिलं पाणी तिथेच शिरतं.

प्रश्न : इंजिन बदलून झाल्यावर बगी आरटीओत पास करून रोडवर चालवता येईल का? ८००चं आरसी बुक आहे माझ्याकडे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ते आरसी बुक त्या मारुतीचं आहे, तिच्या चेसिस नंबरचं, तुमच्या पाइपच्या फ्रेमचं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत असे बदलसुद्धा करता येत नाहीत, आणि नवीन बनवलेली गाडी रोडवर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी, लागते, ती घरगुती एका गाडीसाठी परवडणारी गोष्ट नाही. ८००ची नोंदणी आरटीओत रीतसर रद्द करून घ्या, इंजिन नंबरसकट खरेदीची पावती जपून ठेवा, उद्या कोणी विचारलं तर चोरीचं नाही हे दाखवता आलं पाहिजे. बगी स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेतच चालवा आणि तिथपर्यंत पिकअपमध्ये घालून न्या. शेतातून शेतात जाताना मधला डांबरी रस्ता दोन मिनिटांचा असला तरी त्यावर आणू नका, इन्शुरन्स नसलेल्या गाडीने कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या घरातून जाते.