अभ्यासिकेला पाच एसी लागतीलच का?

प्रश्न : ताई, गिरगावात आमच्या संस्थेचं शंभर वर्षांहून जुनं वाचनालय आहे. वरच्या मजल्यावरचा कार्यक्रमांचा हॉल ओस पडलाय, तिथे मुलांसाठी अभ्यासिका करायची आहे. कंत्राटदार सांगतो : पीओपीचं फॉल्स सीलिंग, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आणि दीड टनाचे पाच एसी. बिलाच्या धास्तीने कार्यकारिणीत दोन तट पडलेत. इमारत वारसा यादीत श्रेणी ३ मध्ये आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर : फोटो पाठवलेत ते बरं केलंत. पश्चिमेची गॅलरी प्लायवूड ठोकून बंद केलीय आणि तिथे जुने बॅनर कोंबलेत. खिडक्यांच्या झडपा ऑइलपेंटच्या थरांनी चिकटून बसल्यात. आढ्याजवळच्या झरोक्यांत पुठ्ठे. मग उकडेल नाही तर काय! हा हॉल हवा खेळावी म्हणूनच बांधला होता. तापलेली हवा वर चढून झरोक्यांतून निघून जायची आणि गॅलरी पश्चिमेचं ऊन भिंतीपर्यंत पोचू द्यायची नाही. काळ्या घोड्याचं १८७० सालचं डेव्हिड ससून वाचनालय एकदा कार्यकारिणीला दाखवून आणा. तिथल्या व्हरांड्यात लांब खुर्च्यांवर पाय पसरून लोक का बसतात, ते ठरावाशिवाय कळेल.

फॉल्स सीलिंगला माझा ठाम नकार. उंची जाईल हे एक, पण खरी भीती पावसाची. कौल सरकलं की पाणी पीओपीवर साचणार. वरच्या सागवानी तुळया कुजताहेत की वाळवी लागलीय, हे छत खाली आल्यावरच तुम्हाला कळणार. त्याऐवजी कौलं उतरवून त्यांच्या खालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, तपासा आणि कौलांखाली चंदेरी परावर्तक पडदा लावून घ्या. पडदा आणि कौलं यांच्यात हवेची फट राहू द्या, ती बुजली तर पडद्याचा उपयोग जवळजवळ संपला.

स्लायडिंग खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. तुमची जुनी पूर्ण उघडते आणि झडपांमुळे भर पावसातही वारा देते. सागवानाचा कुजलेला तुकडा कापून नवा सांधणारे सुतार अजून मिळतात. दर वाढीव सांगतील, घासाघीस करा, पण खिडकी काढू नका.

भिंतींना खालून पोपडे दिसताहेत. मूळच्या चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलाय. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती अडकून राहते. ओली भिंत उष्णता जास्त आत आणते, आणि एसी लावलात तर त्याची बरीच वीज ती ओल उपसण्यातच जाईल. पावसाळा संपल्यावर एका कोपऱ्यात थोडा गिलावा काढून पाहा. विटा सुटत नसतील तरच पुढे जा. भिंत नीट वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा.

आता विजेचा हिशेब. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. १० पंखे रोज १२ तास चालले तर दिवसाला साडेपाच युनिटच्या घरात बचत. उलट दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला दीड युनिट घेतो. पाचांचा गुणाकार खजिनदारांनाच करू द्या. तेवढा भार तुमची जुनी वायरिंग पेलणार नाही, ती आधी बदला.

तरीही एप्रिल-मे आणि रस्त्यावरचा गोंगाट मी नाकारत नाही. मागच्या कोपऱ्यात जुन्या भिंतींना न चिकटणारी, स्वतःचं बुटकं छत असलेली, पुढेमागे सोडवता येईल अशी खोली उभारा. तिथे एक किंवा दोन एसी, २६ अंशांवर, सोबत पंखा. बाहेरचं यंत्र दर्शनी भिंतीवर नको आणि चिंचोळ्या डक्टमध्येही नको; तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. दुर्मीळ पुस्तकं या खोलीत ठेवू नका. दिवसा एसी आणि रात्री बंद, या चढउतारात त्यांना बुरशी लागते.

महापालिकेची वारसा नियमावली १९९५ पासून आहे. श्रेणी १ सर्वांत कडक, तुमची त्या मानाने सैल. तरी काम काढण्याआधी वॉर्डात लेखी विचारा.

प्रश्न : जुनी चाळ पाडून नवी ‘ग्रीन’ इमारत बांधणंच चांगलं नाही का? (लालबाग)

उत्तर : सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंशांवर तापते, चुन्याची ९०० च्या आसपास. उभ्या भिंतींसाठी इंधन कधीच जळून गेलंय. पाडलीत की ते वाया, आणि नव्यासाठी पुन्हा जाळायचं. म्हणून मजबूत इमारत पाडायला माझा विरोध. पण १६० चौरस फुटांत सहा माणसं आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास असताना मी कुणाला वारशाचं प्रवचन देणार नाही. इमारत धोकादायक असेल तर माणसं आधी हलवा.

प्रश्न : कौलांवर सोलर पॅनेल बसतील का? (दादर)

उत्तर : जुन्या वाशांवर वजनापेक्षा वाऱ्याचं ओढणं जड जातं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको. मागच्या बाजूला संडासाचा सिमेंटचा स्लॅब असेल तर तिथे बसवा, रस्त्यावरून दिसतही नाहीत. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरीच कमी.