रडार आणि नियंत्रण कक्ष असताना विमाने जमिनीवर एकमेकांना धडकतात कशी? उभ्या विमानाची तर काहीच चूक नसते ना?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो. उभ्या विमानाचीही चूक असू शकते. अशाच एका उभ्या विमानात मी सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीत बसलो होतो.

रात्र होती, पाऊस नुकताच थांबला होता आणि ओल्या फरशीवर दिव्यांची इतकी प्रतिबिंबे पडली होती की टॅक्सीवेची (धावपट्टी आणि उभे राहण्याची जागा यांमधल्या विमानाच्या रस्त्याची) पिवळी मध्यरेषा शोधून काढावी लागत होती. आम्हाला नेमून दिलेल्या जागेवर आधीचे विमान अजून उभे असल्याने ग्राउंड कंट्रोलने एप्रनच्या, म्हणजे विमाने उभी करण्याच्या आवाराच्या, तोंडाशी थांबण्यास सांगितले. समोरच्या विमानाच्या इंजिनांचा झोत लागू नये म्हणून कॅप्टननी नेहमीपेक्षा अंमळ मागेच पार्किंग ब्रेक लावला. मी म्हणालो, "सर, आपली शेपटी बाहेर राहिली असावी, कंट्रोलला सांगू का?" ते म्हणाले, "मागून येणाऱ्याला डोळे आहेत." मी गप्प बसलो. चार-पाच मिनिटांनी काचेतून दिसणारे टर्मिनलचे दिवे एकाएकी बाजूला सरकले, आणि आवाज इतका किरकोळ झाला की सामानाचा एखादा ट्रॅक्टर धडकला असावा असे मला वाटले. प्रत्यक्षात आमच्या मागून गेलेल्या मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकाने आमची शेपटी फाडली होती.

त्या विमानाचे कॅप्टन चौकशीत एकच गोष्ट सांगत राहिले: मी मध्यरेषेवरच होतो. ते खरे बोलत होते. परंतु ती रेषा हमी देते ती इमारती, खांब आणि शेजारच्या टॅक्सीवेवरून जाणारे विमान यांच्यापासून ठरावीक अंतर राहील एवढीच. आपल्या जागेपर्यंत न पोहोचता अर्ध्यावर थांबलेले विमान त्या हिशेबात धरलेलेच नसते. नियंत्रक मार्ग देतो, पण पंखाचे टोक कशाला लागत नाही हे पाहणे वैमानिकाचे काम, आणि अनेक मोठ्या विमानांत ते टोक वैमानिकाला खुर्चीतून दिसतच नाही. शिवाय वळताना मागे झुकलेल्या पंखाचे टोक अंदाजापेक्षा बाहेरून फिरते. जमिनीवरचे रडार विमान कोणत्या टॅक्सीवेवर आहे ते दाखवते; शेपटी दोन मीटर बाहेर राहिली आहे, हे ओळखणे त्याचे काम नव्हे.

11 एप्रिल 2011 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअर फ्रान्सच्या ए-380 या अवाढव्य विमानाचा पंख कॉमएअरच्या छोट्या सीआरजे-700 च्या शेपटीला लागला आणि ते विमान जागच्या जागी गर्रकन फिरले. ए-380 चा पंखविस्तार जवळजवळ 80 मीटर आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा मोठ्या विमानांवर कॅमेऱ्यासारखे टक्कररोधक साधन बसवण्याची शिफारस केली. तरीही 10 सप्टेंबर 2024 रोजी अटलांटामध्ये डेल्टा कंपनीच्या ए-350 या मोठ्या विमानाच्या पंखाने एन्डेव्हर कंपनीच्या छोट्या सीआरजे-900 ची उभी शेपटी आडवी केली. (या दोन्ही घटनांत थांबलेल्या वैमानिकांना मी दोष देत नाही, मी माझ्या कॉकपिटबद्दल बोलत आहे.)

माझे ते कॅप्टन आजही भेटले की म्हणतात, "उभी गाडी ठोकली तर दोष ठोकणाऱ्याचा." गाडीला आरसे असतात, आमच्या विमानाला नव्हते. आपली शेपटी कुठे आहे हे आपल्याला दिसत नाही आणि येणाऱ्याला त्याच्या पंखाचे टोक दिसत नाही, तेव्हा मधे उरतो फक्त रेडिओ. "आम्ही अलीकडेच थांबलो आहोत, शेपटी टॅक्सीवेवर असण्याची शक्यता आहे," हे सांगायला चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यावर नियंत्रक मागच्याला थांबवतो किंवा दुसऱ्या वाटेने नेतो. चौकशी अहवालात मुख्य कारण म्हणून चालत्या विमानाच्या कॅप्टनचा चुकलेला अंदाज होता आणि साहाय्यक कारण म्हणून आमचे न कळवता अलीकडे थांबणे. आमच्या कॅप्टननी पहिली ओळ पाठ केली; दुसऱ्या ओळीत माझाही वाटा आहे, कारण रेडिओचे बटण माझ्याही हाताशी होते. सहवैमानिक होणाऱ्यांनी शंका आल्यास परवानगी मागत बसू नये, सरळ कळवावे. अर्थात गर्दीच्या वेळी प्रत्येक थांब्यावर असे बोलत राहिल्यास रेडिओ तुंबेल, हेही मान्य करतो. आणि चालत्या विमानाला शंका आली, तर पंखाखाली चालत अंतर पाहणारा माणूस येईपर्यंत थांबणे एवढाच इलाज आहे. त्यात उशीर होतो, तो होऊ द्यावा.

प्रवाशांना धोका किती, असे आपण पुढे विचारालच. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन विमानांच्या टकरीत 583 माणसे गेली, पण ती धावपट्टीवर उड्डाणाच्या वेगातली टक्कर होती. टॅक्सीवेवरच्या संथ वेगात बहुधा पत्राच फाटतो. आमच्याकडेही गंभीर इजा कोणाला झाली नाही. मात्र विमान थांबलेले पाहून सहा-सात जण पट्टे सोडून, डोक्यावरचे कप्पे उघडून उभे होते, आणि बॅगा त्यांच्याच अंगावर पडल्या.