ध्यान सुरू केल्यापासून एकाच ग्लासात चढते

काही महिने रोज ध्यानाला बसल्यावर दारूच्या एका ग्लासातच डोकं जड होतं, हे शरीर शुद्ध झाल्याचं लक्षण की काही बिघडलंय, असं तुम्ही विचारलंय.

शुद्धीचं स्पष्टीकरण मला पटत नाही. एका पेगमधलं अल्कोहोल निपटायला यकृताला साधारण तासभर लागतो, आणि कितीही ध्यान केलं तरी त्यात फरक पडत नाही. बदल होतो तो दुसरीकडे. एक तर ध्यान करणाऱ्यांचं पिणं बऱ्याचदा नकळत कमी होतं आणि सवयीने आलेली सहनशक्ती उतरते. हा भाग साधा आहे.

खरा बदल लक्षात येण्याचा आहे. संवेदना पाहायची सवय लागली की कान गरम होणं, जबडा सैल पडणं, आपलाच आवाज चढणं हे पहिल्या काही घोटांतच कळतं. पूर्वीही ते होत होतंच, फक्त लक्ष गप्पांमध्ये असायचं. शिवाय रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण वाढत असताना तरतरी येते आणि उतरताना मरगळ. आपल्या आठवणीत राहते ती तरतरी. ध्यानाने मरगळही दिसायला लागते. झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडत राहते. सकाळी बसलं की श्वासावर मन टिकत नाही, आणि ते भरकटलंय हेसुद्धा फार उशिरा कळतं. माझं पिणं सुटत गेलं ते अशा सकाळींमुळेच.

समजुतीचाही वाटा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मारलॅट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, दारू आहे असं सांगून नुसतं टॉनिक वॉटर (सोड्यासारखं बिनदारूचं पेय) दिलेले लोकही जास्त प्यायले. तेव्हा ‘मी आता संवेदनशील झालोय’ हा विचार थोडी नशा स्वतःच आणत असेल. याच मारलॅट यांनी पुढे व्यसनमुक्तीत ध्यान आणलं: तलफ उठली की तिच्याशी झगडायचं नाही, ती चढताना आणि ओसरताना बघत राहायचं. पुन्हा ग्लास उचलावासा वाटेल तेव्हा हे करून पाहा.

बिघाड म्हणाल, तर उलट आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात, तरुणपणी ज्यांना दारू कमी चढते त्यांनाच पुढे व्यसनाचा धोका जास्त आढळला. लवकर कळणं चांगलंच.

मात्र पिणं कमी न होताही हा बदल अचानक आला असेल, तर ध्यानाला श्रेय देऊ नका. झोपेची, अ‍ॅलर्जीची किंवा चिंतेची नवी गोळी सुरू झालीय का ते बघा, डॉक्टरांना विचारून यकृताची तपासणी करून घ्या. आणि स्वतःवर बारीक लक्ष आहे म्हणून पिऊन गाडी चालवू नका, रक्तातलं प्रमाण तेवढंच असतं. रोज भरपूर पिणारं कुणी हे वाचत असेल, तर ध्यानाच्या भरात एका दिवसात बंद करू नका. झटके येऊ शकतात, ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांशी बोला.